हो म्हणणारं गेज

"दोन तास माझ्या ताब्यात द्या, पोपटासारखा बोलायला लागेल." हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा म्हटलं आहे. सगळ्यात जोरात म्हटलं ते १४ फेब्रुवारी २०१० च्या सकाळी, खडकी बाजारातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात. आदल्या संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला होता. मृतांचा आकडा पुढे १७ वर गेला. आमच्या शहरावर असा घाला पडलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. टेबलाभोवती कारखान्यातले चार-पाच जण आणि लष्कराच्या सॅपर्समधून निवृत्त झालेले दोघे बसले होते. संशयित सापडला की त्याला उलटा टांगा, टायरमध्ये घाला, पण पुढचा बॉम्ब कुठे आहे ते त्याच्याकडून काढून घ्या, असं मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पकडलेला माणूस तोच आहे का, हा प्रश्न त्या टेबलावर कुणाला पडला नाही. मला तर नाहीच.

आज माझं मत याच्या नेमकं उलट आहे. ते कसं पालटलं हे मला सांगायचं आहे, कारण मी ज्या वाटेनं इथवर आलो ती भाषणांची किंवा पुस्तकांची नव्हती. माझ्याच घरातली एक चोरी आणि माझ्याच कामातलं एक साधं हत्यार, या दोन गोष्टींनी मला बदललं. पुस्तकं नंतर आली.

मी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत अडतीस वर्षं एक्झामिनर होतो. कारखाना १८६९ सालचा. माझे वडीलही तिथेच होते. भोंग्यावर घड्याळं लावणाऱ्या, काडतुसाच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं पाहून मोठ्या झालेल्या पिढीतला मी. खडकीत देशाचं संरक्षण हा घरातलाच विषय असतो. एका अंगाला सॅपर्सची छावणी, दुसऱ्या अंगाला वर्कशॉप आणि महायुद्धात गेलेल्या सोळाशेहून अधिक सैनिकांची शिस्तीत मांडलेली थडगी. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला कठोरपणाचं भय वाटत नाही. एकाला यातना देऊन शंभर जण वाचत असतील तर त्यात चूक काय, हा माझा हिशेब होता. तो क्रूरपणातून आलेला नव्हता, हे आजही सांगतो. मला खरोखर वाटायचं की मार ही वाईट गोष्ट असली तरी कामाची गोष्ट आहे. पेपरही तेच शिकवत होते. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आलो. कबुली दिली म्हणजे गुन्हा उलगडला, इतकं ते सरळ होतं.

२०११ च्या दिवाळीआधी आमच्या रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये चोरी झाली. बायकोच्या दोन पाटल्या आणि आईची बोरमाळ गेली. त्याच आठवड्यात घराला रंग द्यायला एक मुलगा येत होता. एकोणीस वर्षांचा, बोपोडीच्या झोपडपट्टीतला. माझा संशय त्याच्यावर गेला आणि तो मी तक्रारीत लिहूनही दिला. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांना मी जाताना म्हणालो, "साहेब, जरा खाक्या दाखवा. बोलेल तो." हे शब्द माझे आहेत. ते कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

पुढचे तीन दिवस मी संध्याकाळी कामावरून सुटलो की ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचो. आतले आवाज ऐकू यायचे. पहिल्या दिवशी रात्री अधिकारी बाहेर आले आणि म्हणाले, "कबूल झाला. बोपोडीच्या सराफाला विकलंय." त्याला घेऊन सराफाकडे गेले. सराफानं वह्या दाखवल्या, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, स्टेशनच्या पुढे रुळांच्या कडेला पुरलंय. कुदळ घेऊन माणसं गेली. दोन तास खणलं, नुसती खडी निघाली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, भीती वाटली म्हणून होळकर पुलावरून मुळेत फेकून दिलं.

या तिसऱ्या कबुलीवर माझा विश्वास बसला. घरी येऊन बायकोला म्हणालो, "गेलं आपलं सोनं नदीत. पण चोर तरी सापडला."

पाच महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात घरफोड्या करणारी एक टोळी पकडली गेली. त्यांच्याकडे एका खासगी सावकाराची गहाणवटीची पावती निघाली. मुद्देमालात आमची बोरमाळ आणि एक पाटली होती. त्या पोराचा आणि टोळीचा काडीचाही संबंध नव्हता.

सोनं ओळखून सही करून परत आलो, त्या रात्री मी झोपलो नाही. मला छळत होती ती तिसरी कबुली. पहिल्या दोन खोट्या होत्या हे आम्हाला लगेच कळलं होतं, कारण त्या तपासता येत होत्या. खोट्या निघाल्या म्हणून त्याला पुन्हा मार बसला. मग त्यानं अशी गोष्ट सांगितली जी कुणालाही तपासता येणार नव्हती. मुळेच्या तळाशी जाऊन कोण बघणार? त्यावर मार थांबला. तीन दिवसांत आम्ही त्या पोराला शिकवलं होतं की तपासता येईल असं काही बोलू नकोस. आणि जे तपासता आलं नाही, त्यावरच मी विश्वास ठेवला.

आता माझ्या कामातल्या हत्याराबद्दल. काडतुसाचं नळकांडं, गोळी, कॅप, सगळं मापात आहे की नाही हे आम्ही गेज लावून पाहायचो. गेजला दोन बाजू असतात, 'गो' आणि 'नो-गो'. चांगला नग एका बाजूला बसलाच पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला बसता कामा नये. गेजची सगळी किंमत त्याच्या 'नाही' म्हणण्यात आहे. वापरून घासलं गेलेलं गेज खराब नगालाही पास करतं. असं गेज हातात आलं की आम्ही ते बाजूला काढून गेज रूमला पाठवायचो आणि त्या गेजनं पास केलेला माल पुन्हा तपासायला घ्यायचो. घासलेल्या गेजनं दहा नग बरोबर पास केले असतील, तरी त्यावर आम्ही भरवसा ठेवत नसू, कारण ते दहा चांगले होते म्हणून पास झाले की गेज सगळ्यालाच पास करतंय, हे कळायला मार्ग नसतो. त्या काडतुसावर सीमेवरच्या कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

चोरानं चोरी कबूल केली असती. त्या पोरानंही केली. म्हणजे मार हे असं गेज आहे जे दोघांनाही 'हो' म्हणायला लावतं. अडतीस वर्षं जे तत्त्व मी पितळेच्या नळकांड्याला लावत होतो, ते माणसाच्या हाडामांसाला लावायचं मला सुचलं नव्हतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहत. त्यांच्यापाशी मी हे बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अहो, मारानं तपास संपतो, गुन्हा उलगडत नाही. वरून फोन येतो, डिटेक्शन झालं का. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, संपायला दोन दिवस उरलेले असतात. माणसं कमी, कामं दहा. हिंडून पुरावा गोळा करायला वेळ लागतो, पट्टा हाताशी असतो." मग म्हणाले, "आणि खरं सांगू का, प्रश्नातच उत्तर असतं. सराफाला विकलंस ना, असं विचारलं की तो सराफच सांगणार."

त्या पोरानंही पुढे मला हेच सांगितलं. मी माफी मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "काका, मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना काय पाहिजे ते कळत होतं. तेच बोलत होतो."

यानंतर मी पेपर वेगळ्या नजरेनं वाचू लागलो. अमेरिकेनं आपल्या ताब्यात आलेला इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा माणूस इजिप्तकडे सोपवला होता. तिथल्या छळाखाली तो म्हणाला की इराकनं अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं शिक्षण दिलं. ही माहिती फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत जगापुढे ठेवली. पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. २००४ मध्ये लिबीनं ते बोलणं मागे घेतलं. विचारणाऱ्यांना जे ऐकायचं होतं आणि ज्याची खातरजमा त्या खोलीत बसून होणार नव्हती, तेच त्यानं सांगितलं होतं. मला मुळेचा तळ आठवला.

मग आपल्या घरातली प्रकरणं. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात बॉम्बस्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. एटीएसनं नऊ मुस्लिम पुरुषांना आरोपी केलं. कबुलीजबाब झाले, ते नंतर मागे घेतले गेले, मारहाणीचे आरोप झाले. पुढे एनआयएच्या तपासात वेगळीच माणसं समोर आली आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं त्या नऊ जणांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यांतला एक वारला होता. ज्यांनी बॉम्ब ठेवले ते इतकी वर्षं काय करत होते, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. चुकीच्या माणसाची कबुली मिळाली की खऱ्या माणसाचा शोध थांबतो. ज्या सुरक्षिततेच्या नावानं आपण हे करतो तीच हातची जाते.

११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकलस्फोटांत एकशे ऐंशीहून अधिक प्रवासी गेले. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाबांतला मजकूर एकमेकांची नक्कल केल्यासारखा सारखा आहे, वैद्यकीय नोंदी छळाच्या शक्यतेकडे बोट दाखवतात, अशा कारणांनी न्यायालयानं ते जबाब बाजूला सारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडलेलं नाही. अंतिम शब्द काय येईल तो येईल. पण एकोणीस वर्षांनंतरही त्या प्रवाशांच्या घरच्यांना आपलं माणूस कुणी मारलं हे खात्रीनं सांगता येत नाही. हा अन्याय त्यांच्यावरही आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

उच्च न्यायालयाच्या त्या निकालानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. तिथेही आरोपींनी एटीएसनं छळ केल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाला ते आरोप पटले नाहीत. मी पाहत होतो ते हॉटेलातल्या आमच्या टेबलाकडे. जे लोक पहिल्या निकालाच्या वेळी "छळ झाला म्हणतात, सगळे असंच म्हणतात" असं बोलत होते, त्यांतल्याच काहींना दुसऱ्या प्रकरणातला छळ शंभर टक्के खरा वाटत होता. काही जणांचं अगदी उलट होतं. म्हणजे कोंडलेल्या खोलीत मारून माणसाकडून काहीही वदवता येतं हे आपल्या सगळ्यांना मनातून ठाऊक आहे. फक्त माणूस आपला असेल तेव्हाच आपण ते कबूल करतो.

ख्वाजा युनूस हा परभणीचा तरुण इंजिनिअर. डिसेंबर २००२ मधल्या घाटकोपरच्या स्फोटानंतर त्याला पकडलं. जानेवारी २००३ नंतर तो कुणाला दिसला नाही. जीप उलटली आणि तो पळाला, असं पोलिसांनी सांगितलं. सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच्याबरोबरचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. त्या माणसाकडून देशाला कोणती माहिती मिळाली?

मी हट्टानं एकच बाजू मांडत नाही. मारानं कधीच काही निघत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. हवालदारसाहेबांनी मला सांगितलं की चोरीची मोटरसायकल, लपवलेलं पिस्तूल अशा वस्तू मारामुळे निघालेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. माणूस खरोखर तोच असेल आणि वस्तू हाताला लागण्यासारखी असेल, तर निघते. मी त्यांना विचारलं, "किती वेळा निघाली नाही?" ते म्हणाले, "ते कुणी लिहून ठेवत नाही." घासलेलं गेज विश्वासाचं वाटतं ते यामुळेच. त्यानं बरोबर पास केलेले नग दिसतात, चुकीचे पास केलेले कुठल्याच वहीत येत नाहीत.

आणि मोडलेल्या माणसाला खरं सांगायची इच्छा झाली तरी ते आठवतं का? शत्रूच्या हाती सापडलं तर कसं टिकावं याचं शिक्षण अमेरिकेच्या सैन्यात देतात. तिथल्या पाचशेहून अधिक जणांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कठोर चौकशी करणारा अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोर होता, तरी सुटकेनंतर दुसऱ्या दिवशी बहुतेकांना त्याचा चेहरा ओळखता आला नाही. हे सगळे तयार झालेले सैनिक. आमच्या दारावरून रोज सकाळी धावत जाणाऱ्या सॅपर्ससारखे. तिथे एकोणीस वर्षांच्या रंगाऱ्याचं काय?

दुसऱ्या टोकाला न मोडणारा माणूस असतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण खडकीपासून तासाभराच्या वाटेवर, तुळापूरला आहे. संभाजीराजांना संगमेश्वरला पकडलं ते फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी. खजिना कुठे आहे आणि मोगल सरदारांपैकी तुला आतून कोण सामील आहे, हे औरंगजेबानं विचारवलं असं इतिहासकार सांगतात. आजच्या भाषेत ती गुप्त माहितीसाठीची चौकशीच होती. डोळे काढले, जीभ छाटली, ११ मार्चला जीव घेतला. बादशहाच्या हाती काय लागलं? राजाराम महाराज जिंजीला पोचले, मराठे आणखी अठरा वर्षं लढले आणि औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला मेला. दर फाल्गुन अमावास्येला मी तुळापूर-वढूला जात आलो आहे. ज्या गोष्टीपुढे माझे डोळे भरून येत, तीच गोष्ट दुसऱ्याच्या बाबतीत करा म्हणून मी हॉटेलात बसून सांगत होतो. हे मला दिसायला इतकी वर्षं लागली, याची मला लाज वाटते.

मग माहिती मिळते कशी? खडकीला लागूनच गणेशखिंडीचा रस्ता आहे. २२ जून १८९७ च्या रात्री तिथे चापेकर बंधूंनी प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याला गाठलं. पुण्यात जादा पोलीस बसवून, दहशत घालूनही सरकारला काही महिने पत्ता लागला नाही. लागला तो वीस हजारांच्या बक्षिसाला भुललेल्या द्रविड बंधूंमुळे. मराठी माणसाला हे सांगताना जीभ कडू होते. पण धागा आतल्या माणसाकडून मिळाला. डेव्हिड हेडली २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला. फाशी नाही आणि भारताच्या ताब्यात देणार नाही, या अटींवर तो बोलता झाला. २६/११ च्या मुंबई हल्ल्याची आखणी, हल्ल्यासाठी पाहून ठेवलेली ठिकाणं त्यातून कळली, आपल्या पुण्यात तो कशासाठी येऊन गेला होता तेही. २०१६ मध्ये त्यानं मुंबईच्या न्यायालयापुढे व्हिडिओवरून साक्षही दिली. या सौद्याची मला चीड येते. पण त्यानं सांगितलेलं ईमेलशी, पासपोर्टच्या शिक्क्यांशी ताडून पाहता आलं. आमचं सोनंसुद्धा एका पावतीनंच परत मिळालं.

इंग्रजांनीही आपल्या पोलिसांना ओळखून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात लिहून ठेवलं की पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मकोका कायद्यानं मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढच्या कबुलीला वाट मोकळी केली. जिथे गुन्हा सगळ्यात भीषण आणि चूक सगळ्यात महाग, तिथेच आपण नो-गोची बाजू काढून टाकली. ती परत बसवावी, असं माझं मत आहे. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर करून लागू केलेला नाही. तो करावा. ठाण्याठाण्यांत, चौकशीच्या खोल्यांतही कॅमेरे बसवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. ते कॅमेरे चालू असावेत.

मला कुणी विचारतं, उद्या असं सिद्ध झालं की मारानं खरंच नेमकी माहिती मिळते, तर तुम्ही पुन्हा बदलाल का? नाही. मी उपयोगाच्या वाटेनं आलो, पण चालता चालता दुसऱ्याच ठिकाणी पोचलो. बाकावर बसून ते आवाज ऐकताना मला माहिती नको होती. कुणाला तरी लागतंय, याचं समाधान हवं होतं. माझं सोनं गेल्याचा राग त्या आवाजानं शांत होत होता. ते मी स्वतःला तपास म्हणून सांगत होतो.

माफी मागायला गेलो तेव्हा त्या मुलाची आई दारात उभी होती. तो अजून जरा लंगडत होता. ती ओरडली नाही की रडली नाही. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "दादा, त्याला मारत होते तेव्हा तुम्ही तिथंच बसला होता ना?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पाणी तसंच ठेवून मी उठलो. आज कुणी मारत नाही, कुणी विचारतही नाही, तरी सांगतो. हो, मी तिथंच बसलो होतो.